पांदणीतली बंडी आणि बर्फातली मोटार

महागाव तालुक्यात ज्याने एखादा तरी पावसाळा काढला आहे, त्याला पुढील देखावा अपरिचित नसावा. आषाढातील आठ दिवसांच्या झडीने काळ्या मातीचा पांदण रस्ता लोण्यासारखा मऊ झालेला असतो. खताची पोती लादलेली दोन बैलांची जुनी बंडी कण्हत-कुथत का होईना, तो पार करते. आणि तिच्या मागोमाग आलेली, शंभर घोड्यांचे बळ मिरविणारी नवी मोटार मात्र मोठ्या गर्जनेने चाके फिरवीत जागच्या जागी आसापर्यंत रुतून बसते. शेवटी त्याच बैलांना माघारी बोलावून तिची सुटका करावी लागते. जिथे दोन बैल पुरतात, तिथे शंभर घोडे का पुरू नयेत, हा प्रश्न त्या वेळी चिखल झटकण्याच्या गडबडीत कोणी फारसा विचारीत नाही.

हाच प्रश्न अलीकडे निराळ्या रंगात पुढे येतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांग खिंडीखालचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाल्यापासून, हिवाळ्यात एरवी जगापासून तुटणारे लाहौलचे खोरे मोटारीच्या टप्प्यात आले, आणि आपल्याकडील तरुणही चार मित्र, एक चारही चाकांनी चालणारी गाडी आणि एक तंबू एवढ्या सामग्रीनिशी नागपूर-तुळजापूर महामार्गावरून उत्तरेकडे रवाना होऊ लागले. तेथे त्यांची गाठ पडते ती पांढऱ्या पांदणीशी. बर्फाचा मुलूख आपल्याला परका वाटतो खरा. तथापि त्याचे बहुतेक नियम आपण पावसाळ्यातील पांदणीत आणि पौषातील जागलीत पूर्वीच अनुभवलेले असतात. ते नियम एकेक करून उलगडून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

ओढणारा कोण, वाहणारा कोण?

बंडीचे चाक कधीही ओढीत नाही. ते केवळ भार वाहते आणि गडगडत जाते. ओढण्याचे काम बैलांच्या खुरांकडे असते, आणि दुभंगलेला खूर चिखलात फाकून खालच्या कठीण थराचा आधार शोधतो. मोटारीत मात्र वाहणारा आणि ओढणारा एकच, म्हणजे चाक. यंत्राने चाकाला कितीही जोराने फिरविले तरी, चाकाने जमिनीला मागे रेटले आणि जमिनीने तो रेटा सोसला, तरच गाडी पुढे सरकते. जमिनीची ही सोसण्याची मर्यादा म्हणजे घर्षण, म्हणजेच साध्या भाषेत पकड. त्या मर्यादेपलीकडे यंत्राने लावलेला सारा जोर माती उकरण्यात खर्ची पडतो. शंभर घोड्यांची मोटार स्वतःसाठी खड्डा खणते, तो अशा रीतीने.

पकड मोजण्याची एक सोपी रीत आहे. चाकावर जेवढा भार असेल, त्याच्या कितव्या हिश्श्याएवढा रेटा जमीन सोसते, ते पाहावयाचे. कोरड्या डांबरी सडकेवर हा हिस्सा सुमारे सात-दशांश भरतो. दबलेल्या बर्फावर तो दोन-दशांशांच्या आसपास येतो. आणि गोठून काचेसारख्या झालेल्या हिमावर एक-दशांश किंवा त्याहूनही कमी राहतो. याचा अर्थ असा की, त्या काचेवर पोहोचल्यावर यंत्राचे बळ तेवढेच असूनही त्यातील अल्प भागच कामी येऊ शकतो, आणि उरलेल्याचा उपयोग केवळ अनर्थासाठी होतो.

बर्फ निसरडा का?

काळी माती निसरडी होते ती तिच्यातील चिकणमातीच्या कणांमुळे. हे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असून पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. त्यामुळे माती फुगते आणि पापुद्रे एकमेकांवरून घसरू लागतात. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेले की माती आकसते आणि वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

बर्फाचा निसरडेपणाही पाण्याचाच, परंतु ते पाणी येते कोठून, हा प्रश्न विद्वानांना दीर्घकाळ पडला होता. भाराच्या दाबाने बर्फ वितळतो, असे पूर्वी शाळेतून शिकविले जाई. दाबाने बर्फाचा द्रवणांक उतरतो, ही गोष्ट खरी. पण एक अंश उतरविण्यास वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो, आणि मोटारीचे चाक जेमतेम दुपटीएवढा दाब देते. त्याने द्रवणांकात पडणारा फरक एका अंशाच्या पन्नासाव्या भागाएवढाही नसतो. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास निराळा तर्क मांडला की, बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. दोन बर्फाचे तुकडे एकमेकांना लावून ठेवले असता चिकटून एकजीव होतात, ते या थरामुळे. पुढे १९३९ मध्ये बोडन आणि ह्यूज यांनी दाखविले की, घसरताना घर्षणाने उत्पन्न होणारी उष्णताही पृष्ठभाग वितळविते. आज या दोन्ही कारणांचा मेळ घालून निसरडेपणाची उपपत्ती सांगितली जाते.

यातून प्रवाशाला एक व्यवहारी बोध मिळतो. थंडी जितकी कडक, तितका बर्फ कोरडा व खरखरीत; आणि शून्य अंशाच्या जवळपास, म्हणजे दुपारच्या उन्हात, तो सर्वांत दगाबाज. दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेला रस्ता तर पाहताना नुसता ओला भासतो. ऊन पडले म्हणून निर्धास्त होणारा माणूस येथे फसतो.

जू फिरते तेव्हा

आता चाकांच्या जोडीकडे वळू. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा लांब वाट तुडवावी लागते. बंडीत प्रत्येक चाक आपल्या आसावर स्वतंत्रपणे फिरत असल्याने अडचण येत नाही. परंतु मोटारीत एकाच यंत्राने दोन्ही चाके फिरवायची, आणि तरीही त्यांना निरनिराळ्या वेगाने फिरण्याची मुभा द्यायची, अशी दुहेरी गरज असते. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी दातेरी चक्रांची जी जुळणी पेटंट करून घेतली, तिने ही गरज भागविली. तिला डिफरन्शियल म्हणतात.

तिचे मर्म बैलांच्या जुवावरून समजते. मध्यभागी एकाच दोराने बांधलेले आणि त्या बिंदूवर मोकळेपणी फिरू शकणारे जू कल्पावे. दोन्ही बैल सारखे ओढीत असतील तोवर जू सरळ राहते. पण एक बैल ढिला पडला की दुसऱ्याने कितीही जोर केला तरी जू नुसते तिरपे फिरते, आणि गाडीला मिळतो तो दुबळ्याच्या जोराइतकाच जोर दुपटीने. डिफरन्शियलची गत हीच आहे. एक चाक हिमावर आणि दुसरे कोरड्या खडीवर असेल, तर हिमावरचे चाक भिंगरीसारखे फिरते आणि खडीवरचे स्वस्थ बसून राहते.

यास्तव दुर्गम वाटेच्या गाड्यांत दोन उपाय योजलेले असतात. पहिला, चारही चाकांना यंत्राची जोड देण्याचा. दोन बैलांऐवजी चार बैल जुंपावेत, तसा. परंतु पुढच्या आणि मागच्या प्रत्येक जोडीत आपापले मोकळे जू असतेच. तेव्हा पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी किंवा निसरड्यावर गेले, की चार बैलांची गाडीही थांबते. म्हणून दुसरा उपाय जू घट्ट आवळून टाकण्याचा, ज्याला चालक मंडळी डिफ-लॉक म्हणतात. किंवा व्यर्थ फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून त्याच्या जोडीदाराकडे जोर वळविण्याचा. हे आवळलेले जू कोरड्या सडकेवर तत्काळ सोडावयास हवे, अन्यथा वळणावर यंत्रावरच ताण येतो.

चाकाचा ठसा

ताज्या भुसभुशीत बर्फात नऊ-दशांशांहून अधिक भाग हवाच असते. अशा पायाखाली भार पसरून देणे हे पहिले कौशल्य. गाडीचे वजन २००० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर ५०० किलो येतात. हवेचा दाब ३२ पौंड असताना चाकाचा जमिनीवरील ठसा सुमारे २२० चौरस सेंटिमीटर भरतो. तोच दाब १८ पौंडांवर उतरविला की ठसा जवळजवळ ४०० चौरस सेंटिमीटर होतो, आणि चाक बर्फावर तरंगल्यासारखे चालते. मात्र चांगल्या रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरली पाहिजे. त्यासाठी लहान पंप जवळ असावा. भार पसरविण्याची हीच युक्ती रणगाड्याच्या पट्ट्यांत असते. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्या यांनी सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीच्या झोजिला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवून शत्रूला चकित केले, त्या घटनेत शौर्याबरोबर या पट्ट्यांचाही वाटा होता.

दबलेल्या बर्फावर आणि हिमावर मात्र पसरण्यापेक्षा रुतणे हिताचे. अमेरिकेतील हॅरी वीड याने १९०४ मध्ये चाकाला गुंडाळण्याच्या साखळीचे पेटंट घेतले. साखळीचे दुवे हिमात खिळ्यांसारखे रुततात आणि एक-दशांशाची पकड कितीतरी वाढते. आपल्याकडे रुतलेल्या बंडीच्या चाकाखाली पऱ्हाट्या आणि दगड टाकण्याचा शिरस्ता आहे, तोही याच जातीचा. साखळ्या लावणे एकदा घरच्या अंगणात शिकून घ्यावे. बोटे बधिर झाल्यावर अंधारात शिकण्याची ती विद्या नव्हे.

येथे काळ्या मातीत आणि बर्फात एक मोठा भेद आहे. चाकाच्या खाचांत चिकणमाती भरली की चाक गुळगुळीत लाटणे बनते आणि पकड जाते. उलट खाचांत भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरून ठेवतो. बर्फाळ देशांतील हिवाळी टायरांच्या खाचा बर्फ धरण्यासाठीच कोरलेल्या असतात, आणि त्यांचे रबरही सात अंशांखाली कडक न होणाऱ्या जातीचे असते. आपले नेहमीचे टायर तेथे पोहोचेपर्यंत लाकडाच्या वाटेला लागलेले असतात.

निघणे सोपे, थांबणे कठीण

चारही चाकांनी चालणारी गाडी बर्फावरून सहज निघते, आणि चालकाला वाटते की रस्ता आपल्या ताब्यात आला. वस्तुतः ब्रेक तर सर्वच गाड्यांत चारही चाकांना लागतात. थांबण्याच्या बाबतीत या महागड्या गाडीला कोणतीही सवलत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यानंतर कोरड्या डांबरावर सुमारे ९ मीटरांत थांबते. दबलेल्या बर्फावर तिला ३१ मीटर लागतात, आणि हिमावर ६३. वेग निम्मा केला तर हे अंतर चौथाईवर येते. म्हणून बर्फात वेगावर नियंत्रण यंत्रानेच ठेवावे: खालचा गिअर, पायांची हळुवार हालचाल, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. गिअर, ब्रेक आणि सुकाणू यांपैकी कशालाही हिसका देऊ नये. चाकाच्या गाठीला असलेली थोडी पकड ज्या कामात खर्च कराल, त्याच कामात ती संपते, आणि वळता वळता ब्रेक दाबणारा दोन्हींना मुकतो.

ऊब राखणे

संध्याकाळ होते आणि मुक्कामाचा प्रश्न उभा राहतो. विदर्भाला थंडी माहीतच नाही, असे म्हणणाऱ्याने २९ डिसेंबर २०१८ ची सकाळ आठवावी. त्या दिवशी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पौषात हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या वावरात जागलीला जाणारा शेतकरी तंबूशास्त्राचे सारे धडे अनुभवाने जाणतो. तो पूस नदीच्या काठच्या खोलगट वावरात न निजता बांधाच्या उंच बाजूला खोपडी घालतो, कारण गार हवा जड असल्याने पाण्याप्रमाणे उतारावरून वाहत जाऊन सखल भागात साचते. डोंगरातही दरीचा तळ टाळावा तो याच कारणाने; आणि तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उघड्या उतारांचा पायथा टाळावा तो हिमस्खलनाच्या भीतीने, कारण बहुतेक हिमलोट अशाच उतारांवरून सुटतात.

जागल्या अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालच्या तणसाची अधिक काळजी घेतो. घोंगडी असो, गोधडी असो वा पिसांची निद्रापिशवी असो, यांपैकी कोणतीही वस्तू उष्णता निर्माण करीत नाही. ती आपल्याच देहाची उष्णता अडकवून ठेवते, आणि हे अडकविण्याचे काम तंतूंमध्ये कोंडलेली स्थिर हवा करते. पाठीखाली पिसे वा कापूस देहभाराने चेपला जाऊन त्यातील हवा निघून जाते. मग जमीन रात्रभर देहातून उष्णता शोषीत राहते. चेपूनही हवा न सोडणारी चटई, अथवा कडब्याचा जाड थर, हाच त्यावर इलाज. स्वतः बर्फही हवेने भरलेला असल्यामुळे वाऱ्याच्या दिशेला रचलेली बर्फाची भिंत उत्तम आडोसा देते.

तंबूची सारी दारे घट्ट बंद करण्याचा मोह मात्र आवरावा. निजलेला प्रत्येक माणूस रात्रीतून श्वासावाटे पेलाभर पाणी हवेत सोडतो. ते तंबूच्या गार कापडावर दवासारखे जमते आणि पहाटे पांघरुणावर ठिबकते. वर थोडी फट ठेवल्याने जाणारी ऊब ही ओल्या पांघरुणामुळे जाणाऱ्या उबेपेक्षा पुष्कळ कमी असते.

कापसाचा दगा

आपला तालुका ज्या पिकावर उभा आहे, त्या कापसाने बर्फात दगा द्यावा, ही गोष्ट मनाला लागते. परंतु ती खरी आहे. कोरडा कापूस हवा धरून ठेवतो, म्हणून गादी उबदार. पण घाम किंवा वितळलेला बर्फ शोषून तो भिजला, की त्यातील हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी स्थिर हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. लोकरीचा तंतू ओलावा आपल्या पोटात घेतो, तरी त्याची कुरळी ठेवण मोडत नाही; म्हणून धनगराची घोंगडी पावसातही ऊब देते. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे वस्त्र, त्यावर जाड उबदार थर, सर्वांत वर वारा अडविणारा थर, अशी तीन पदरांची व्यवस्था असावी, आणि घाम येण्यापूर्वीच एक पदर उतरवावा.

न दिसणारा वायू

सर्वांत मोठे संकट थंडीचे नसून ते टाळण्याच्या उपायाचे आहे. बंद तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह, अथवा रुतलेल्या गाडीत उबेसाठी चालू ठेवलेले यंत्र, यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्याला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने चिकटतो. माणसाला केवळ झोप आल्यासारखे वाटते. ७ आणि ८ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक लोक दगावले, त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत याच वायूचा संशय होता. बर्फाने धुराडे झाकले गेले की धूर गाडीतच परततो. गाडीत थांबणे भागच असेल, तर धुराड्यासमोरचा बर्फ वारंवार काढावा, यंत्र थोडा थोडा वेळच चालवावे, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी.

यंत्र आणि देह

थंडी यंत्रालाही बाधते. डिझेलमधील मेण गोठून नळ्या तुंबतात. म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. रेडिएटरमधील नुसते पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि यंत्र फोडू शकते. त्यात निम्मे ग्लायकॉल मिसळले की ते उणे पस्तिसाच्या आसपासही द्रव राहते. उणे १८ अंशांत बॅटरीची शक्ती निम्म्यावर येते.

देहाची कथा उंचीशी निगडित आहे. स्पितीतील काझा साडेतीन हजार मीटरांहून उंच. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशांपेक्षाही कमी. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून कुकरखेरीज वरण शिजत नाही. तीन हजार मीटरांवर निजण्याची जागा रोज पाचशे मीटरांहून अधिक चढवू नये. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली तर औषधाची वाट न पाहता खाली उतरावे. बर्फ वितळवून पाणी करताना भांड्यात आधी थोडे पाणी घालावे, नाहीतर तळ करपतो. आणि इंधन हिशेबाने न्यावे, कारण बर्फाचे नुसते पाणी करण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापले असते.

थोडक्यात

- गाडी पुढे नेते ती पकड. यंत्राचे बळ पकडीहून अधिक झाले की ते खड्डा खणते.
- शून्य अंशाजवळचा ओलसर बर्फ सर्वांत निसरडा.
- भुसभुशीत बर्फात चाकातील हवा कमी करावी. हिमावर साखळी लावावी.
- चारही चाकांच्या जोराने निघणे सोपे होते, थांबणे नाही.
- पाठीखालचा थर पांघरुणाइतकाच महत्त्वाचा. तंबूला वर फट हवी.
- ओला कापूस अंगावर ठेवू नये.
- बंद जागेत शेगडी नको. धुराडे मोकळे ठेवावे.

जाण्यापूर्वी

एकटी गाडी नेऊ नये, सोबत फावडे आणि दोर असावा, आणि स्थानिक अंमलदारांनी रस्ता बंद केल्याचा हुकूम काढला असेल तर तो मुकाट्याने मानावा. याशिवाय आमची तरुण मित्रांना एक सूचना आहे. निघण्याच्या आधी पौषातील एक रात्र, जे अंथरूण-पांघरूण आणि जो तंबू नेणार आहात त्याच्यासह, पूसकाठच्या एखाद्या वावरात काढा. तेथे जे ओले झाले, जे कमी पडले, जे बांधता आले नाही, त्याची यादी पहाटे शेकोटीपाशी बसून करा आणि ती पुरी झाल्यावरच गाडीची किल्ली हाती घ्या. वावरातून घर हाकेच्या अंतरावर असते. काझाहून ते तसे नसते.